सॉलिड स्टेट ड्राइव्हचा हीटसिंक

सॉलिड स्टेट ड्राइव्हचा हीटसिंक हा संगणकातील सॉलिड स्टेट ड्राइव्हवर (एसएसडी) बसवला जाणारा धातूचा उष्णतावाहक भाग आहे. ड्राइव्हवरील चिपांमध्ये निर्माण होणारी उष्णता स्वतःत घेणे, ती मोठ्या पृष्ठभागावर पसरवणे आणि तेथून भोवतालच्या हवेत सोडणे हे त्याचे कार्य होय. साधा हीटसिंक स्वतः थंडावा निर्माण करत नाही, त्यामुळे ड्राइव्हचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही. त्याचा वापर प्रामुख्याने एम.२ आकाराच्या आणि एनव्हीएमई पद्धतीने चालणाऱ्या वेगवान ड्राइव्हसाठी होतो. दीर्घकाळ सलग काम चालू असताना तापमान वाढून ड्राइव्हचा वेग घटू नये, हा त्यामागील मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळातील बहुतेक सॉलिड स्टेट ड्राइव्ह २.५ इंची पेटीत येत आणि साटा जोडणीवर चालत. या जोडणीची प्रत्यक्ष गती सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत मर्यादित असल्याने नियंत्रक चिपवर फारसा भार येत नसे. पेटी धातूची असल्यास तिचे कवचही उष्णता पसरवण्यास मदत करी. त्यामुळे वेगळ्या हीटसिंकची गरज भासत नव्हती.

एनव्हीएमई प्रमाणकाची पहिली आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर ड्राइव्ह थेट पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांना जोडले जाऊ लागले. त्याच सुमारास एम.२ हा लहान, उघडा आकार रूढ झाला. त्यातील सर्वाधिक प्रचलित २२८० हा प्रकार २२ मिमी रुंद व ८० मिमी लांब असतो. चार मार्गिकांच्या जोडणीची सैद्धांतिक क्षमता पीसीआय एक्सप्रेस ३.० मध्ये सेकंदाला सुमारे ३.९ गिगाबाइट, ४.० मध्ये सुमारे ७.९ गिगाबाइट आणि ५.० मध्ये सुमारे १५.८ गिगाबाइट आहे. अशा रीतीने प्रत्येक पिढीत वेग दुपटीने वाढला, पण चिपा बसवण्याची पट्टी मात्र तेवढीच राहिली. हीटसिंकची गरज या विसंगतीतून निर्माण झाली.

इंटेलने २०१५ मध्ये आणलेल्या ७५० मालिकेतील कार्डस्वरूपाच्या ड्राइव्हवर मोठा हीटसिंक होता. सॅमसंगने ९६० मालिकेतील (२०१६) एम.२ ड्राइव्हच्या लेबलात तांब्याचा पातळ थर घातला. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर चालणारे ड्राइव्ह २०१९ पासून ग्राहकांच्या बाजारात आले आणि ५.० वर चालणारे ड्राइव्ह २०२३ पासून. या काळात हीटसिंकसह विकले जाणारे ड्राइव्ह आणि हीटसिंक जोडलेले मदरबोर्ड सर्रास दिसू लागले.

उष्णतेचा उगम

एम.२ ड्राइव्हवर सामान्यतः तीन प्रकारच्या चिपा असतात: नियंत्रक, नँड फ्लॅश स्मृती आणि काही ड्राइव्हमध्ये डीरॅम. यांपैकी नियंत्रक सर्वाधिक तापतो. संगणकाशी होणारी वेगवान देवाणघेवाण, त्रुटी शोधून दुरुस्त करण्याची गणिते, माहिती कोठे साठवली आहे याची नोंद आणि कूटलेखन ही सर्व कामे काही चौरस सेंटिमीटरहून लहान असलेल्या या एकाच चिपमध्ये चालतात. नँड चिपांमध्ये निर्माण होणारी उष्णता अनेक थरांत व अधिक क्षेत्रावर विभागलेली असते.

नियंत्रक चिप कोणत्या प्रक्रियेने बनवली आहे यावरही विजेचा खर्च अवलंबून असतो. पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या पहिल्या लाटेतील अनेक ड्राइव्हमध्ये १२ नॅनोमीटर प्रक्रियेचा नियंत्रक होता. हे ड्राइव्ह अधिक तापत आणि त्यांच्यासोबत बरेचदा मोठे हीटसिंक येत. पुढे ७ नॅनोमीटर व त्याहून सूक्ष्म प्रक्रियेचे नियंत्रक आले, तेव्हा त्याच वेगासाठी लागणारी वीज कमी झाली. नव्या पिढीचा ड्राइव्ह जुन्यापेक्षा अधिक तापेलच असे यामुळे म्हणता येत नाही.

थर्मल थ्रॉटलिंग

नियंत्रकाचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ड्राइव्ह स्वतःहून आपला वेग कमी करतो. या वेगकपातीला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. ग्राहकांसाठीच्या अनेक ड्राइव्हमध्ये ही मर्यादा साधारणपणे ७० ते ८५ °से. यांच्या दरम्यान असते. वेग कमी झाल्याने विजेचा खर्च घटतो, ड्राइव्ह थोडा निवतो, वेग पुन्हा वाढतो आणि तापमान पुन्हा मर्यादेकडे जाते. हे चक्र चालू राहिल्यास लेखनाच्या गतीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

एनव्हीएमई प्रमाणकात इशाऱ्याचे व धोक्याचे असे दोन तापमान-उंबरठे निश्चित केलेले आहेत. ड्राइव्ह प्रत्येक उंबरठ्याच्या वर किती मिनिटे राहिला याची नोंद तो स्वतः ठेवतो. प्रमाणकाच्या १.३ या आवृत्तीपासून वेगकपात कोणत्या तापमानाला सुरू व्हावी हे संगणकाकडून ठरवण्याची ऐच्छिक सोयही उपलब्ध आहे.

वेग घटण्याचे कारण नेहमी उष्णताच असते असे नाही. बहुतेक ड्राइव्ह आरंभीचे लेखन नँडच्या एका वेगवान राखीव भागात करतात. तो भाग भरल्यावर लेखनाची गती अचानक खाली येते. या घसरणीवर हीटसिंकचा काहीही परिणाम होत नाही. वेग घटला त्या वेळी तापमान किती होते हे पाहिल्यास दोन्ही कारणे वेगळी ओळखता येतात.

रचना व कार्यपद्धती

हीटसिंकमधून उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांत होतो: चिपेतून थर्मल पॅडमध्ये, पॅडमधून धातूत आणि धातूतून हवेत. कोणताही एक टप्पा सदोष असल्यास उरलेले दोन उत्तम असूनही उपयोग होत नाही.

थर्मल पॅड: चिपेचा व धातूचा पृष्ठभाग एकमेकांना पूर्णपणे चिकटत नाही. मधल्या फटींत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. या फटी भरण्यासाठी मऊ पॅड वापरतात. पॅडची उष्णतावाहकता जितकी अधिक आणि जाडी जितकी कमी, तितका अडथळा कमी. उदाहरणार्थ, १२ मिमी बाजूच्या चौरस नियंत्रकातून ५ वॅट उष्णता जात असेल आणि पॅडची वाहकता ५ वॅट प्रति मीटर-केल्विन असेल, तर १ मिमी जाड पॅडच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे ७ °से. फरक पडतो. पॅड २ मिमी जाड असल्यास हा फरक सुमारे १४ °से. होतो. चिपांची उंची कमीअधिक असल्यामुळे पॅड ठरावीक जाडीचा असावा लागतो. याच कारणाने प्रोसेसरवर लावली जाणारी थर्मल पेस्ट येथे सहसा वापरत नाहीत.

धातू: बहुतेक हीटसिंक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट असते. मात्र तांबे ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून अधिक जड व महाग आहे. धातूचे वस्तुमान उष्णता काही काळ साठवून ठेवते. उघड्या २२८० ड्राइव्हचे वजन साधारण ८-९ ग्रॅम असते. तो ७ वॅट उष्णता निर्माण करत असल्यास त्याचे तापमान आरंभी सेकंदाला जवळजवळ एक अंशाने वाढू शकते. त्यावर ३० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवल्यास केवळ हीटसिंकचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे ४ सेकंद लागतात. अल्पकाळाच्या कामात हा विलंबच पुरेसा ठरतो, कारण तापमान मर्यादेला पोहोचण्यापूर्वी काम संपलेले असते.

पृष्ठभाग व हवा: काम दीर्घकाळ चालल्यास साठवणक्षमता संपते. त्यानंतर तापमान कोठे स्थिरावेल हे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि हवेचा प्रवाह या दोन गोष्टींवर ठरते. ड्राइव्हच्या एका बाजूचे क्षेत्रफळ केवळ १७.६ चौरस सेंटिमीटर असते. उभ्या पात्यांमुळे हीटसिंकचे क्षेत्रफळ याच्या अनेक पट होते. ते १४० चौरस सेंटिमीटर धरल्यास स्थिर हवेत ७ वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी हीटसिंक हवेपेक्षा ढोबळमानाने ५० °से. अधिक तापावा लागतो. पंख्याच्या झोतामुळे उष्णता हवेत जाण्याचा दर तिप्पट झाला, तर हाच फरक सुमारे १७ °से.वर येतो. त्यामुळे मंद झोतातील साधा हीटसिंक हा कोंडलेल्या हवेतील महागड्या हीटसिंकपेक्षा बरेचदा अधिक परिणामकारक ठरतो.

हे सर्व फरक भोवतालच्या हवेच्या तापमानात मिळवायचे असतात. विदर्भात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ °से.च्या आसपास जाते. तेथील खोलीत हवा २५ ऐवजी ४० °से. असेल, तर त्याच कामात तोच ड्राइव्ह अंदाजे १५ °से. अधिक तापतो आणि वेगकपात लवकर सुरू होते.

तापमान आणि माहितीचे जतन

ड्राइव्ह जितका थंड तितका उत्तम, असा समज रूढ असला तरी तो पूर्णतः बरोबर नाही. नँड फ्लॅशमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. वीज बंद असताना तापमान जितके अधिक, तितका हा भार लवकर गळतो. लेखनाच्या वेळी मात्र परिस्थिती उलट असते. किंचित उबदार पेशींमध्ये लेखन व पुसण्यामुळे पृथक् थराला होणारी इजा काही प्रमाणात भरून निघते आणि लिहिलेली माहिती अधिक काळ टिकते.

जेडेक या संस्थेच्या जेईएसडी २१८ या प्रमाणकात हे दोन्ही घटक वेगवेगळे विचारात घेतले आहेत. त्यानुसार घरगुती वर्गातील ड्राइव्हने दिवसाचे ८ तास ४० °से. तापमानात वापर होऊन त्याची घोषित लेखनक्षमता संपल्यावरही वीज नसताना ३० °से. तापमानात १ वर्ष माहिती राखणे अपेक्षित आहे. उद्योगवर्गातील ड्राइव्हसाठी वापराचे तापमान ५५ °से. (दिवसाचे २४ तास) आणि जतनाचा काळ ४० °से. तापमानात ३ महिने असा आहे.

यावरून हीटसिंकचे कार्यक्षेत्र स्पष्ट होते. नियंत्रकाला मर्यादेखाली ठेवणे हे त्याचे काम आहे. नँड चिपा शक्य तितक्या गार करणे हे नव्हे. बंद करून ठेवलेल्या ड्राइव्हवरील माहितीला हीटसिंकमुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही. असा ड्राइव्ह थंड जागी ठेवणे आणि माहितीची दुसरी प्रत बाळगणे हेच उपाय आहेत.

प्रकार

- उष्णता पसरवणारे लेबल: तांबे किंवा ग्राफीनचा पातळ थर असलेली पट्टी. ती उष्णता नियंत्रकाकडून इतर भागांकडे पसरवते, पण हवेत सोडण्याची तिची क्षमता अल्प असते. लॅपटॉपसारख्या अरुंद जागेत ती उपयोगी पडते.
- मदरबोर्डचा हीटसिंक: मदरबोर्डसोबत येणारी, स्क्रूने बसणारी धातूची पट्टी. डेस्कटॉप संगणकात हा प्रकार सर्वाधिक आढळतो.
- पात्यांचा स्वतंत्र हीटसिंक: ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना वेढणारा व उंच पात्यांचा. काहींमध्ये उष्णतानलिकाही असते.
- पंख्यासह हीटसिंक: यावर लहान पंखा असतो. तो परिणामकारक असला तरी आवाज करतो, आणि पंखा झिजल्यास वा बंद पडल्यास लाभ कमी होतो.
- विदाकेंद्रांतील ड्राइव्ह: सर्व्हरसाठीच्या ई१.एस या आकाराच्या अनेक प्रकारांत हीटसिंकचे कवच रचनेचाच भाग असते. त्याच्या जाड्या ५.९ मिमीपासून २५ मिमीपर्यंत आहेत.

प्लेस्टेशन ५ मधील वापर

सोनीच्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रात एम.२ ड्राइव्ह बसवण्याची जागा आहे. ती २०२१ मध्ये सॉफ्टवेअरच्या अद्यतनाद्वारे सर्वांसाठी खुली करण्यात आली. या ड्राइव्हसाठी उष्णता बाहेर टाकणारी रचना सोनीने आवश्यक ठरवली आहे आणि तिच्या मापांवर मर्यादाही घातली आहे. हीटसिंकसह एकूण रुंदी २५ मिमी, एकूण जाडी ११.२५ मिमी, सर्किट बोर्डाच्या वर ८ मिमी आणि खाली २.४५ मिमी यांपेक्षा अधिक असू नये. डेस्कटॉपसाठीचे उंच पात्यांचे अनेक हीटसिंक या मापांत बसत नाहीत.

बसवण्याची पद्धत

संगणक बंद करून वीजजोडणी काढल्यावर व अंगातील स्थितिक वीज धातूला स्पर्श करून घालवल्यावर हीटसिंक बसवतात. पॅडच्या दोन्ही बाजूंवरील संरक्षक प्लास्टिक काढणे आवश्यक असते. ते तसेच राहिल्यास उष्णतेचा मार्ग अडतो. पॅड नियंत्रकाला पूर्णपणे टेकला पाहिजे. स्क्रू अति आवळल्यास किंवा पॅड गरजेपेक्षा जाड असल्यास बोर्ड वाकतो आणि चिपांच्या जोडांवर ताण येतो.

ड्राइव्हला आधीच हीटसिंक असेल, तर त्यावर मदरबोर्डचा हीटसिंक बसवत नाहीत. दोहोंपैकी एकच वापरतात. ड्राइव्हवरील लेबल काढल्यास अनेक उत्पादकांची वॉरंटी संपुष्टात येते. लेबलात तांब्याचा थर असल्यास ते काढण्याने लाभही होत नाही.

जागेची निवडही महत्त्वाची असते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या मधील खाचेवर ग्राफिक्स कार्डची गरम हवा येते. प्रोसेसर द्रवाने थंड केला जात असल्यास त्याच्याजवळ पंखा नसतो आणि या खाचेभोवतीची हवा स्थिर राहते.

तापमानाचे मापन

एनव्हीएमई ड्राइव्ह एक संयुक्त तापमान आणि त्याव्यतिरिक्त कमाल आठ संवेदकांचे आकडे देऊ शकतो. संयुक्त तापमान कसे काढावे हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ड्राइव्हच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि विंडोज, लिनक्स व मॅकओएसवर स्मार्टमॉनटूल्स यांच्या साहाय्याने हे आकडे वाचता येतात. एकाच क्षणाच्या तापमानापेक्षा इशाऱ्याच्या उंबरठ्यावर ड्राइव्ह किती मिनिटे राहिला, ही नोंद अधिक माहितीपूर्ण असते.

आवश्यकता

दस्तऐवज, आंतरजाल आणि बहुतांश खेळ यांसाठी ड्राइव्हवर येणारा भार क्षणिक असतो. अशा वापरात पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या ड्राइव्हला सहसा हीटसिंक लागत नाही. मोठ्या चित्रफितींचे संपादन, शेकडो गिगाबाइटची नक्कल, विदासंचांवरील सलग प्रक्रिया आणि बंदिस्त लहान पेट्या यांमध्ये त्याचा स्पष्ट लाभ होतो. पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या अनेक ड्राइव्हसाठी उत्पादकच हीटसिंक वापरण्याची सूचना करतात. इशाऱ्याच्या उंबरठ्यावरील मिनिटांची नोंद दीर्घ वापरानंतरही शून्य असल्यास अधिक मोठ्या हीटसिंकने वेगात फरक पडण्याची शक्यता कमी असते.