कॉफीची मसालेदार साय : दूध की दारू?

दोन वर्षांपूर्वीची कार्तिकी एकादशी माझ्या चांगलीच लक्षात राहिली आहे. पहाटे चारच्या सुमारास पत्नीने मला हलवून उठवले. आईच्या खोलीतून विचित्र आवाज येत होता. जाऊन पाहतो तो आई घामाने चिंब, हातपाय थरथरत आहेत आणि बोलणे असंबद्ध. ती मला माझ्या मोठ्या भावाच्या नावाने हाक मारत होती. आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मधुमेह जुना. बोटाला टोचून साखर तपासली, ती ४८ भरली. ती गिळू शकत होती म्हणून पाण्यात चार चमचे ग्लुकोज घालून घोट घोट पाजले. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहिली आणि तिला रुग्णालयात हलवले. दिवसभर शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले.

उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे मी तिला सांगून ठेवले होते. त्या दिवशी मात्र सवयीने ती पूर्ण गोळी घेऊन बसली होती. पण तेवढ्याने कोडे सुटत नव्हते, कारण तिच्या श्वासाला मद्याचा वास येत होता. माळकरी घरातली माझी आई, जिने आयुष्यात कधी त्या वस्तूला हात लावला नाही!

उलगडा दुपारी झाला. डब्लिनला नोकरी करणारी माझी पुतणी दिवाळीसाठी आली होती. तिने हौसेने कॉफीत घालायची मसालेदार साय बनवली होती आणि आमच्याच रिकाम्या सरबताच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली होती. रात्री आईला भूक लागली. केशरी-तपकिरी, दाट, जायफळाचा वास येणारे ते दूध पाहून तिला वाटले, सुनेने मसाला दूध करून ठेवले आहे. फुलपात्रभर घेतले आणि झोपली. "घशाला जरा तिखट लागलं, म्हटलं सुंठ जास्त पडली असेल," असे ती नंतर म्हणाली. तिला त्या दिवशी सर्दीही होती.

वाचकहो, हल्ली अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. ही साय त्यांच्याबरोबर आपल्याही घरी येऊ लागली आहे. म्हणून आज तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

ही साय आली कोठून?

कॉफीत व्हिस्की आणि वर मलई घालण्याची पद्धत आयर्लंडची. फॉइन्स या गावी समुद्री विमानांचा तळ होता. १९४३ च्या सुमारास तेथील आचारी जो शेरिडन याने थंडीने गारठलेल्या प्रवाशांना अशी कॉफी दिली, असे सांगतात. तीच पुढे 'आयरिश कॉफी' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यानंतर १९७४ साली व्हिस्की आणि मलई एकाच बाटलीत एकजीव करून विकण्याचा उद्योग डब्लिनमध्ये सुरू झाला. 'बेलीज' हे त्या पेयाचे नाव. त्याचीच घरगुती नक्कल आता तिकडे नाताळच्या दिवसांत घरोघर होते.

माझ्या पुतणीने केलेली कृती अशी : गोड आटीव दुधाचा ४०० ग्रॅमचा एक डबा, मलई २०० मिलिलिटर, उकळून गार केलेले दूध २०० मिलिलिटर, कडक कॉफीचा अर्क ५० मिलिलिटर, एक चमचा कोको, दालचिनीचा तुकडा, किसलेले जायफळ, थोडा व्हॅनिला आणि व्हिस्की २४० मिलिलिटर. दालचिनी-जायफळ दुधात उकळून घ्यायचे, दूध गाळून पूर्ण गार करायचे, त्यात बाकीचे जिन्नस मिसळायचे आणि शेवटी व्हिस्की अगदी बारीक धारेने, ढवळत ढवळत ओतायची.

बारीक धारेचे कारण समजण्यासारखे आहे. दुधातील केसिन नावाचे प्रथिन तीव्र मद्यार्काच्या संपर्कात आले की गोठते. दूध संकलन केंद्रावर दुधात तेवढाच मद्यार्क मिसळून जी परीक्षा घेतात, ती याच तत्त्वावर चालते. आंबायला लागलेले दूध असेल तर लगेच कणी दिसते. म्हणून या कृतीत दूध ताजे आणि थंड हवे आणि व्हिस्की सावकाश पडायला हवी. नाहीतर सायीऐवजी पनीर हाती येते.

एका फुलपात्रात किती?

ही सगळी सामग्री मिळून सुमारे एक लिटर होते. व्हिस्कीत ४० टक्के मद्यार्क धरला तर तयार सायीत तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्या देशात मिळणाऱ्या व्हिस्कीत सहसा ४२.८ टक्के असतो, तेव्हा आकडा थोडा वाढेल. बाजारातील बिअरच्या मानाने हे पेय बरेच कडक झाले.

कॉफीच्या कपात दोन चमचे घातले तर मद्यार्क एखादा ग्रॅम जातो. पण आईने घेतले होते फुलपात्रभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर. त्यात साधारण पंधरा ग्रॅम मद्यार्क, अर्थात व्हिस्कीचा दीड पेग होता. शिवाय चाळीस ग्रॅमहून अधिक साखर, म्हणजे आठ चमचे!

आता कोणी विचारील, एवढी साखर पोटात गेली तर रक्तातील साखर वाढायला हवी, ती कमी कशी झाली? सुरुवातीला ती वाढलीच असणार. पण आपण झोपेत असतो तेव्हा यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडत असते. मद्यार्क पचवण्याच्या कामाला यकृत लागले की हे काम मागे पडते. त्यात दिवसभराचा उपवास, त्यामुळे यकृतातला साठाही संपत आलेला. आणि ग्लिमेपिराइड जातीची गोळी शरीराला अधिक इन्शुलिन सोडायला लावतच होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि पहाटे साखर घसरली.

येथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. साखर कमी झालेला माणूस घामाघूम होतो, बरळतो, झोकांड्या खातो. दारू प्यालेला माणूसही तसाच वागतो. तोंडाला वास आला की घरचे म्हणतात, "जास्त झाली असेल, झोपू द्या." असा झोपू दिलेला मधुमेही सकाळी उठत नाही. वास येवो न येवो, मधुमेह्याची साखर आधी तपासा. यंत्र नसेल आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या. गोळ्यांमुळे घसरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यामुळे एकदा बरे वाटले म्हणून घरी थांबू नये.

काही गैरसमज

"गरम कॉफीत घातली की दारू उडून जाते," असे पुष्कळजण सांगतात. हे खरे नाही. गरम द्रवात नुसते ढवळले तर सुमारे ८५ टक्के मद्यार्क तसाच राहतो. पंधरा मिनिटे उकळले तरी जवळजवळ ४० टक्के उरतो. आणि कॉफी एवढी कोण उकळतो?

"कॉफी बरोबर असली की चढत नाही," हा दुसरा समज. कॉफीने झोप उडते, मद्यार्क मात्र रक्तात तेवढाच असतो. माणसाला आपण ठीक आहोत असे वाटते आणि तो मोटारसायकलला किक मारतो. धोका येथेच आहे.

"थंडीत अंगात ऊब येते." आपल्याकडेही लहान मुलाला सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी पाजण्याची किंवा छातीला चोळण्याची चाल होती, काही घरांत अजून आहे. मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. ही प्रथा कृपया बंद करा. लहान मुलाची साखर थोड्या मद्यानेही धोकादायकपणे उतरू शकते. चुकून मुलाने अशी साय प्यायली तर उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका. बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

"घरी केलेली आहे, मसाल्याची आहे, म्हणजे औषधी." जायफळ, दालचिनी चिमूटभर असतात तोवर चवीला छान. पण एक अख्खे जायफळ किसून घालाल तर धडधड, ओकाऱ्या आणि भ्रम होऊ शकतो. राहिले मद्य. ते कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते आणि आरोग्याच्या दृष्टीने त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मसाल्याने ते बदलत नाही.

कोणी घेऊच नये?

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, यकृताचा विकार असलेले, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे आणि झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असणारे यांनी या सायीपासून दूर राहावे. ज्यांनी प्रयत्नाने दारू सोडली आहे त्यांच्यासाठी तर कॉफीतला एक चमचाही घातक. ते डायसल्फिराम ही गोळी घेत असतील, तर थोड्याशा मद्यानेही चेहरा लाल होतो, ओकाऱ्या सुरू होतात आणि रक्तदाब कोसळतो. पाहुणचार म्हणून न सांगता अशी कॉफी कोणालाही देऊ नका. तो पाहुणचार होत नाही.

कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी परवाना लागतो आणि वय पंचवीस पूर्ण असावे लागते. सायीत मिसळली तरी ती व्हिस्कीच.

टिकते किती?

कारखान्यातील बाटलीत १७ टक्के मद्यार्क असतो आणि यंत्राने मलईचे कण अतिशय बारीक करून एकजीव केलेले असतात. म्हणून ती दोन वर्षे टिकते. घरच्या मिक्सरला ते साधत नाही आणि मद्यार्कही निम्म्याच्या आसपास. "दारू आहे, नासणार नाही," या भरवशावर राहू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नको. आपल्याकडे वीज चार-चार तास जाते, तेव्हा त्याहून लवकर संपवलेली किंवा फेकलेली बरी. आंबूस वास आला, कणी दिसली, तर व्हिस्की महागाची होती असा विचार करू नये. काही पाककृतींत कच्ची अंडी सांगितलेली असतात, ती मुळीच घालू नयेत.

मग कॉफीत काय घालावे?

खरे म्हणजे यासाठी डब्लिनला जाण्याची गरजच नाही. जायफळ-वेलदोडा घातलेली कॉफी आपल्या लग्नकार्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. अर्धा लिटर दूध मंद आचेवर निम्मे होईतो आटवा. त्यात चार वेलदोड्यांची पूड, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, चिमूटभर जायफळ आणि चार चमचे साखर घाला. गार करून गाळा आणि स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगले राहते. कडक कॉफीत दोन चमचे घातले की झाले. मधुमेह्यांनी साखर वगळावी. पुतणीला मी हीच करून दिली. व्हिस्कीची आठवण येते का, असे विचारले तर ती हसली. "येते, पण आजीची जास्त येईल," म्हणाली.

आई दोन दिवसांनी घरी आली. खरे काय ते तिला सांगावे की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला. एकादशीच्या दिवशी पोटात काय गेले हे कळले तर तिला केवढा धक्का बसेल, असे पत्नीला वाटत होते. शेवटी मीच सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पांडुरंगाला ठाऊक आहे मी दूध समजून घेतलं ते. त्याचं काही नाही. पण अरे, दवाखान्यात तू साध्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा चिठ्ठी लावतोस. घरातल्या बाटलीवर एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा वाचकहो, ही साय घरी करू नका असे मी सांगितले तरी काहीजण करणारच. त्यांना एवढेच सांगणे : ती सरबताच्या किंवा दुधाच्या बाटलीत भरू नका. बाटलीवर ठळक मराठीत 'यात दारू आहे' असे लिहा, खाली तयार केल्याची तारीख घाला आणि मुलांचा व वृद्धांचा हात पोचणार नाही अशा जागी फ्रिजमध्ये मागे ठेवा. आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीवर आता चिठ्ठी असते. ताकाच्यासुद्धा. त्या चिठ्ठ्या आई स्वतः लिहिते.