‘चिली’ : मिरची, देश, पदार्थ की थंडी?

नंदुरबारच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पावसाळा सरला की ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ती वाळत घातली जाते. या मिरचीचे इंग्रजी नाव ‘चिली’. दक्षिण अमेरिकेतला एक देश, अमेरिकेतला एक मांसाहारी पदार्थ आणि गारठा सांगणारे एक इंग्रजी विशेषण हेही देवनागरीत ‘चिली’ असेच लिहिले जातात. त्यामुळे या शब्दाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : मिरची चिली देशातून आली, म्हणून तिचे नाव चिली.
वस्तुस्थिती : हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतला आहे. ॲझ्टेक लोकांची ही भाषा आणि तिच्यात मिरचीला ‘चील्ली’ म्हणत. 1519 मध्ये मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिशांनी त्याचे ‘चिले’ केले आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. ब्रिटिश लेखनात त्यात ‘एल’ दोनदा येतो, अमेरिकी लेखनात एकदाच. देशाचे नाव वेगळ्या वाटेने आले. ते आयमारा भाषेतल्या, ‘जमिनीचे टोक’ अशा अर्थाच्या शब्दावरून पडले, असे एक मत आहे. अभ्यासकांत त्यावर एकवाक्यता नाही. खुद्द चिली देशात मिरचीला ‘आही’ म्हणतात आणि हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला आहे.

गैरसमज : थंडीचा ‘चिली’ आणि मिरचीचा ‘चिली’ एकाच मुळाचे.
वस्तुस्थिती : तोरणमाळच्या हिवाळ्याचे इंग्रजीत वर्णन करताना येणारे ‘चिली’ हे अस्सल इंग्रजी विशेषण आहे. ते ‘चिल’ या जुन्या शब्दापासून बनले असून ‘कोल्ड’ आणि ‘कूल’ ही त्याचीच भावंडे. मेक्सिकोशी इंग्रजांचा संबंध येण्यापूर्वी कित्येक शतके हे कूळ इंग्रजीत नांदत होते. मिरचीच्या नावाशी त्याचे साम्य केवळ उच्चाराचे.

गैरसमज : अमेरिकी पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे आपले लाल तिखट.
वस्तुस्थिती : अमेरिकेत या नावाने सहसा मिश्र मसाला विकला जातो. त्यात मिरचीबरोबर जिरे, लसूण पूड आणि ओरेगानो असते. तो ‘चिली कॉन कार्ने’ म्हणजे मिरची घातलेल्या मांसाच्या रश्श्यासाठी वापरतात. बोलण्यात त्या रश्श्यालाही नुसते ‘चिली’च म्हणतात, टेक्सासने 1977 मध्ये त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. अशा पाककृतीत मसाल्याऐवजी तेवढेच लाल तिखट घातले, तर पदार्थ जहाल होतो.

गैरसमज : इंग्रजीत मिरचीलाही ‘पेपर’ म्हणतात, म्हणजे मिरी आणि मिरची एकाच जातकुळीच्या.
वस्तुस्थिती : मिरी हे पायपरेसी कुळातल्या वेलीचे फळ असून तिचा तिखटपणा पायपरिनचा. मिरची वांगे, टोमॅटो, बटाटा यांच्या कुळातली असून तिचा तिखटपणा कॅप्सेसिनचा. घोटाळा कोलंबसाच्या काळचा आहे. भारतातल्या मिरीच्या शोधात निघालेल्या कोलंबसाला 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर मिरची सापडली आणि मिरीचेच नाव तिला चिकटले. ‘पेपर’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘पिप्पली’त आहे, ग्रीक ‘पेपेरी’ आणि लॅटिन ‘पिपेर’ असा प्रवास करत तो इंग्रजीत पोचला. मराठीतही तेच घडले. ‘मरिच’ म्हणजे मिरी, आणि नव्या तिखट फळाला त्यावरूनच ‘मिरची’ हे नाव मिळाले.

गैरसमज : जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘मरिच’ आहे, म्हणजे मिरची मूळची भारतीय.
वस्तुस्थिती : आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतले मरिच म्हणजे काळी मिरी. मिरची मूळची अमेरिका खंडाची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती भारतात आणली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरले जाई.

गैरसमज : ‘कॅप्सिकम’ म्हणजे ढोबळी मिरची.
वस्तुस्थिती : भारतात आणि ऑस्ट्रेलियात हा शब्द ढोबळीसाठी वापरतात, पण वनस्पतिशास्त्रात ते साऱ्या मिरच्यांच्या प्रजातीचे नाव आहे. नंदुरबारच्या पथारीवरची लाल मिरची आणि भाजीतली ढोबळी या दोन्ही ‘कॅप्सिकम ॲन्यूम’ या एकाच जातीच्या. ढोबळीत कॅप्सेसिन जवळजवळ नसते, एवढाच मुख्य फरक. शास्त्रीय नावेही दर वेळी मूळ सांगतातच असे नाही. जहाल ‘हाबानेरो’ जिच्यात मोडते, त्या जातीला अठराव्या शतकात जाकँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने चीनवरून ‘कॅप्सिकम चिनेन्स’ असे नाव दिले. ती जातही अमेरिकेतलीच आहे.