ब्रिओनेसचा फेरा आणि चाकाची पकड

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला, ओरिंडा आणि मार्टिनेझ या गावांच्या मध्ये, ब्रिओनेस रीजनल पार्क आहे. सहा हजार एकरांहून मोठा असा हा गवताळ टेकड्यांचा मुलूख आहे आणि तिथे आजही गुरं चरतात. १९३४ साली मतदारांच्या कौलाने स्थापन झालेला ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट त्याची देखभाल करतो. माउंटन बाइक शिकायला मला ही जागा फार योग्य वाटते. कारण इथल्या एकाच फेऱ्यात उभा चढ, उघडी धार आणि लांब उतार, तिन्ही मिळतात. तिन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच असतो. चाकाची जमिनीवरची पकड कशी टिकवायची?

फेरा बेअर क्रीकच्या प्रवेशद्वारापासून सुरू करावा. अब्रिगो व्हॅली ट्रेलने वर चढायचं, ब्रिओनेस क्रेस्ट ट्रेलने धार धरायची आणि ओल्ड ब्रिओनेस रोडने खाली यायचं. वणवा लागला तर गाड्या नेता याव्यात म्हणून राखलेल्या रुंद कच्च्या वाटांवर सायकलला मुभा असते. अरुंद पायवाटांवर बहुधा नसते. त्यामुळे प्रत्येक फाट्यावरची पाटी वाचूनच वळावं.

निघण्याआधी टायर बघा. रस्त्यावरच्या सायकलीच्या अरुंद टायरमध्ये ऐंशी-शंभर पीएसआय हवा भरायची सवय असते. इथे सव्वादोन इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी वीस ते पंचवीस पीएसआय पुरते. कमी हवेचा टायर खड्यांवर दबतो, त्यांचा आकार घेतो आणि जमिनीला जास्त जागी टेकतो. कडक टायर त्याच खड्यांवरून उडतो.

अब्रिगोची वाट सुरुवातीला दरीतून सावकाश चढते आणि शेवटी अंगावर येते. पुढे बत्तीस दात्यांचं चक्र आणि मागे एक्कावन्न दात्यांचं असेल, तर पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात एकोणतीस इंची चाक सुमारे दीड मीटर पुढे जातं. मागे दहा दात्यांवर चेन असेल तर तेच अंतर सात मीटरांच्या वर जातं. चढाला हलका गिअर लागतो तो याचसाठी. पण तो चढ लागण्याआधीच टाकायला हवा. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला, तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

आता वजनाचं बघू. उभ्या चढावर शरीराचा भार आपोआप मागच्या चाकाकडे सरकतो आणि पुढचं चाक हलकं होऊन भरकटू लागतं. ते सावरायला उभं राहून पुढे झुकलं, तर मागचं चाक हलकं होतं आणि मुरमावर जागीच गरगरतं. दोन्हींच्या मधली जागा सापडावी लागते. सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसायचं, कोपर वाकवून छाती हँडलकडे आणायची आणि पेडल एकसारखं फिरवत राहायचं. हिसका दिला की पकड सुटते.

धारेवर आलात की थांबा, देखावा पाहण्यासाठीच. पूर्वेला माउंट डायब्लो, उत्तरेकडे सुइसुन उपसागराचं पाणी. वाटेत सिंडिसिच लगून्स ही छोटी तळी लागतात. पावसाळ्यात तिथे न्यूट नावाचे सरड्यासारखे दिसणारे उभयचर प्रजननासाठी येतात आणि वाट ओलांडतात. त्या दिवसांत नजर चाकापुढे ठेवावी. गुरांसाठी बसवलेलं फाटक उघडलंत, तर मागे लावून घ्या.

इथला पावसाळा हिवाळ्यात येतो. सह्याद्री तपकिरी होत जातो त्या महिन्यांत या टेकड्या हिरव्या होतात आणि जूनमध्ये गवत वाळून सोनेरी होतात. माती मात्र आपल्या ओळखीची आहे. या टेकड्यांवर बऱ्याच ठिकाणी विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी फुगणारी चिकणमाती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. भिजल्यावर टायरला असे थर चढतात की चाक फ्रेममध्ये अडकून फिरेनासं होतं. त्याहून मोठं नुकसान वाटेचं होतं. ओल्या मातीत चाकाने पाडलेली चाकोरी आणि गुरांच्या खुरांचे खड्डे उन्हाळ्यात विटेसारखे कडक होतात, आणि पुढचे कित्येक महिने येणारा प्रत्येक जण त्यावर आदळत राहतो. म्हणून मोठ्या पावसानंतर काही दिवस या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

उताराचं सगळं गणित ब्रेकचं. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची ताकद मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये असते. नवशिके त्याला घाबरून फक्त मागचा दाबतात. मागचं चाक अडकतं, घसरतं आणि वाट खरवडत जातं. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू वाढवत दाबा. पेडल जमिनीशी समांतर ठेवा, सीटवरून किंचित उठा, गुडघे सैल सोडा. वेग वळणाआधी कमी करायचा. वळताना चाकाची सगळी पकड वळण्यालाच लागते, तेव्हा ब्रेकसाठी ती उरत नाही.

सतत दाबलेला ब्रेक तापतो. उपसागरापलीकडे मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर १९७६ साली जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. उलटं पेडल मारून लागणाऱ्या त्यांच्या ब्रेकमधलं ग्रीस एका उतारात जळून जायचं आणि नवीन भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी पुढे खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, आणि माउंटन बाइकची घडण तिथून पक्की होत गेली. आजचे डिस्क ब्रेक खूप सोसतात, पण त्यांनाही अधूनमधून सोडून गार होऊ द्यावं लागतं.

ओल्ड ब्रिओनेस रोडच्या खालच्या टप्प्यात कुटुंबं, कुत्री आणि घोडेस्वार भेटतात. सायकलवाल्याने चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. घोड्याजवळ घंटी वाजवून एकदम पुढे जाऊ नका. लांबूनच स्वाराला आवाज द्या, थांबा आणि तो सांगेल तेव्हाच पुढे व्हा. इथली वेगमर्यादा ताशी पंधरा मैल, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटर आहे. पुढचं दिसत नाही अशा वळणावर तर त्याहूनही खूप हळू यायचं.