श्वानांची ऋतुमानी त्वचा-ॲलर्जी आणि अल्पखर्ची उपचारांचा क्रम

श्वानांच्या त्वचारोगांपैकी ऋतुमानानुसार उद्भवणारी ॲलर्जी हा विकार प्राणघातक नव्हे. तथापि तो वर्षानुवर्षे परत येतो, आणि म्हणूनच मालकाच्या सहनशक्तीबरोबर त्याच्या खिशाचीही परीक्षा पाहतो. रात्रभर खाजवणारा, पंजे चाटून लाल करणारा व अंगाला दुर्गंधी येणारा कुत्रा घरात ठेवणे अवघड होते. उपचार परवडत नाहीत म्हणून असा कुत्रा अंगणात बांधला जातो, आणि प्रसंगी सोडूनही दिला जातो. पाठ्यग्रंथांतील उपचारविधान बहुधा साधनसंपन्न रुग्णालये व सधन मालक गृहीत धरून केलेले असते. त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या मनात अशी समजूत रुजते की, उत्तम उपचार एक आणि स्वस्त उपचार म्हणजे त्याची निकृष्ट आवृत्ती. प्रस्तुत विकाराच्या बाबतीत ही समजूत फारशी टिकत नाही. येथे खर्च ठरतो तो औषधाच्या किमतीपेक्षा तपासणीच्या क्रमावरून.

विकाराचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत विटिच यांनी १९४१ साली एका कुत्र्यातील ऋतुमानी ॲलर्जीचे वर्णन केले व तीवर प्रतिजनांची वाढत्या मात्रेने टोचणी देऊन उपचार केला. पुढे १९७० नंतरच्या दशकात श्वानांतील आय-जी-ई वर्गाच्या प्रतिपिंडांचे स्वरूप स्पष्ट झाले. मानवात परागकणांमुळे शिंका व नाक गळणे ही लक्षणे प्रामुख्याने दिसतात. श्वानात मात्र त्वचेचा कंड हेच मुख्य लक्षण होय. प्रतिजने श्वासावाटे आत जातात असे दीर्घकाळ मानले जाई. आज ती मुख्यतः त्वचेच्या दुबळ्या झालेल्या बाह्य स्तरातूनच शिरतात असे मानले जाते. पंजे, काख, जांघ, पोट, तोंडाचा भाग व कान या ठिकाणीच विकार का दिसतो याचा उलगडा त्यामुळे होतो. आणि साध्या पाण्याने पाय व पोट धुण्यास उपचाराचा दर्जा मिळतो तोही याच कारणाने. श्वानाच्या कंडात हिस्टामीनचा वाटा मर्यादित असून इंटरल्यूकिन-३१ या द्रव्याचा वाटा मोठा आहे, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. तिचा संबंध पुढे औषधांच्या विचारात येईल.

‘ऋतुमानी’ हा शब्द महाराष्ट्रात जपून वापरावयास हवा. ज्या देशांत हिवाळ्यात सर्व वनस्पतिसृष्टी थिजून जाते तेथे परागांचा हंगाम स्पष्ट असतो. इकडे पावसाळ्याच्या अखेरीस गवते फुलतात हे खरे. पुण्याच्या परिसरात १९५५ साली नजरेस आलेले गाजर गवतही पावसाळ्यात माजते. परंतु घरातील धुळीतले माइट हवेतील आर्द्रतेवर जगतात व कोरड्या हवेत मरतात. बुरशीलाही ओल लागते. पिसवांची पैदास उबदार दमट हवेतच जोमाने होते. म्हणजे आषाढ ते कार्तिक या काळात वाढणाऱ्या कंडामागे पराग असतीलच असे नाही. गाजर गवताने माणसांच्या त्वचेस होणारा उपद्रव सुपरिचित असल्यामुळे कुत्र्याच्या प्रत्येक खाजेचा आरोप त्याच्यावर करण्याचा मोह होतो. मानवावरून श्वानाचे असे अनुमान बांधणे शास्त्रशुद्ध नव्हे.

सबब तपासणीचा आरंभ पिसवांपासून करावयाचा. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यास थोडे दंशही पुरतात, आणि कुत्रा त्या पिसवा चावून गिळून टाकीत असल्याने अंगावर एकही दिसत नाही. मालक ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असे प्रामाणिकपणे सांगतो ते यामुळेच. अंगावरील काळे कण विंचरून ओल्या पांढऱ्या कागदावर दाबावेत. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा होय. या परीक्षेस पैसा लागत नाही. कंबर व शेपटीच्या मुळाकडे कंड अधिक असेल तर संशय बळावतो. डाग उमटला नाही, तरी पिसूनाशक देऊन पाहणे टाळू नये.

पिसवांच्या एकूण संख्येपैकी प्रौढ पिसवा अत्यल्प असतात. बाकीची अंडी, अळ्या व कोश हे कुत्र्याच्या निजण्याच्या जागी, गोणपाटात, फरशीच्या सांध्यांत असतात. कोशातील पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, टिकून राहते. म्हणून एकदा औषध देऊन थांबणे व्यर्थ होय. निदान ३ महिने आणि घरातील सर्व प्राण्यांना औषध दिले पाहिजे. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे हा त्याचाच भाग. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध तिच्यावर कदापि वापरू नये. ते मांजरास मारक ठरते.

येथे एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. आयसोक्साझोलिन वर्गातील गोळी साध्या पिसूनाशक भुकटीहून महाग असते; परंतु ती पिसवा व गोचिडांबरोबरच खरजेच्या व डेमोडेक्सच्या माइटचाही नाश करते. म्हणजे एकाच खर्चात उपचार होतो आणि तीन संशयांचे निरसनही होते. फेफऱ्याचा इतिहास असलेल्या कुत्र्यास मात्र ती देताना सावधगिरी हवी. आयव्हरमेक्टिन स्वस्त खरे. तथापि कॉली व तत्सम जातींत आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूत शिरून विषबाधा करू शकते. संकरित कुत्र्याच्या कुळाची खात्री कोण देणार?

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्वचेवर दाबून, रंगवून, काचपट्टीवर पाहिला असता जिवाणू व मॅलॅसेझिया हे यीस्ट दिसू शकतात. पात्याने खरवडलेला त्वचेचा अंश पातळ पॅराफिनमध्ये घेतल्यास माइटचा शोध घेता येतो. ॲलर्जीने त्वचा दुखावली की ही दुय्यम बाधा जडते, आणि पुष्कळदा कंडाचा मोठा हिस्सा तिचाच असतो. ती न ओळखता ॲलर्जीवरील महाग औषध सुरू केल्यास औषध निष्फळ ठरल्याचा भास होतो व मालकाचा पैसा वाया जातो. पट्टीची तपासणी न करता प्रतिजैविके लिहून देण्याची सवयही तितकीच खर्चिक आहे. उथळ बाधेस क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पूने आठवड्यातून दोनदा स्नान घालणे बहुधा पुरते. मात्र फेस अंगावर १० मिनिटे राहिला पाहिजे. ही १० मिनिटे कोणी मोजीत नाही, आणि दोष शाम्पूला दिला जातो. लूत समजून कुत्र्यास जळके ऑइल वा रॉकेल फासण्याची प्रथा अद्याप आढळते. चाटल्याने ते पोटात जाते व त्वचाही भाजते. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम हा त्याच प्रथेचा नागरी अवतार होय.

अन्नजन्य ॲलर्जीचा विचार तिसरा. कंड दरवर्षी ठराविक महिन्यांतच होऊन उरलेल्या काळात पूर्ण थांबत असेल, तर अन्न हे कारण असण्याचा संभव कमी. कारण अन्न बारमाही तेच असते. अशा वेळी महाग विशेष आहार टाळणे योग्य. कंड बारमाही असेल तर मात्र ८ आठवडे पूर्वी कधीही न दिलेल्या प्रथिनाचा आहार देऊन पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. तो घरीही शिजवता येतो. कसोटीपुरता तो पुरेसा असतो, कायमचा आहार म्हणून नव्हे.

एवढे झाल्यावर उरते ते निदान लक्षणांवरूनच करावयाचे असते. फाव्रो व सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेल्या ८ निकषांपैकी, म्हणजे ३ वर्षांच्या आत आरंभ, घरात वास्तव्य, स्टेरॉइडने उतरणारा कंड, आरंभी पुरळाविना खाज, पुढील पंजे व कानाच्या पाळ्या बाधित, परंतु पाळ्यांच्या कडा व कंबर अबाधित यांपैकी ५ जुळल्यास संवेदिता सुमारे ८५ टक्के व विशिष्टता सुमारे ७९ टक्के मिळते. रक्तातील आय-जी-ईची महाग तपासणी निदान करीत नाही. निरोगी कुत्र्यांतही ती होकारार्थी येऊ शकते. प्रतिजनांची टोचणी द्यावयाची असेल तेव्हाच, कोणती प्रतिजने निवडावी हे ठरवण्यासाठी, तिचा उपयोग. टोचणीचा निर्णय झालेला नसता ही तपासणी करविणे म्हणजे मालकाच्या पैशाचा अपव्यय होय.

औषधांत प्रथम हिस्टामीनरोधकांचा मोह आवरला पाहिजे. सेटिरिझिन स्वस्त आहे. पण कंडात हिस्टामीनचा वाटाच थोडा असल्याने गुणही थोडाच येतो, आणि भडका उडाल्यावर तर मुळीच नाही. अधिक गंभीर बाब अशी की, मालक ‘ॲलर्जीची गोळी’ म्हणून सर्दीची मिश्र गोळी देतो. तिच्यातील पॅरासिटामॉल अथवा स्यूडोएफेड्रिन कुत्र्यास घातक ठरू शकते. चिठ्ठीवर केवळ एकघटकी गोळीचे नाव स्पष्ट लिहिणे हे येथे वैद्याचे कर्तव्य ठरते.

खरा अल्पखर्ची आधार प्रेडनिसोलोनचा आहे. औषध जुने, स्वस्त व खात्रीचे असूनही त्याची बदनामी झाली ती गैरवापरामुळे. २० किलोग्रॅमच्या कुत्र्याचे उदाहरण घेतल्यास पहिले ७ दिवस दररोज २० मिलीग्रॅम, पुढील ७ दिवस दररोज १० मिलीग्रॅम व त्यानंतर ६ आठवडे एक दिवसाआड १० मिलीग्रॅम अशा क्रमाने ८ आठवड्यांत १० मिलीग्रॅमच्या ४२ गोळ्या लागतात. आरंभीची मात्राच तितका काळ चालू ठेवल्यास ११२ लागतील. फरक पैशांचा किरकोळ, शरीरावरील परिणामांचा मात्र फार मोठा आहे. कारण मधल्या रिकाम्या दिवशी अधिवृक्क ग्रंथीस सावरण्यास अवसर मिळतो. तहान, लघवी व भूक वाढणार हे मालकास आधीच सांगावे, नाहीतर तो गोळ्या मध्येच बंद करतो. मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामके सोबत देऊ नयेत. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे एकच इंजेक्शन हे मालक व वैद्य दोघांनाही सोयीचे वाटते. परंतु एकदा टोचलेले औषध परत घेता येत नाही, आणि २०१० व २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते असंमत केले आहे.

ओक्लासिटिनिब हे २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध इंटरल्यूकिन-३१च्या कार्यास अटकाव करते व एका दिवसात आराम देते. ते प्रेडनिसोलोनहून पुष्कळ महाग आहे. मधुमेही कुत्र्यास, किंवा स्टेरॉइड ज्यास सोसत नाही त्यास, ते अल्पकाळ देणे युक्त. एक वर्षाखालील पिल्लास देऊ नये. टोचणीचा गुण दिसण्यास वर्षही लागू शकते. ज्याचा हंगाम दोन महिन्यांचा, त्याच्यासाठी तो खर्च क्वचितच समर्थनीय ठरतो. ज्याचा विकार बारमाही होऊ लागला आहे अशा तरुण कुत्र्यासाठी मात्र, मूळ प्रवृत्ती पालटणारा हाच एक उपाय असल्याने, त्याचा विचार अवश्य व्हावा.

उरली घरगुती काळजी. आठवड्यास एक कोमट स्नान, फेरफटक्यानंतर पाय व पोट धुऊन कोरडे करणे, आणि मेदाम्ले. जवसाच्या तेलातील मेदाम्लाचे उपयुक्त मेदाम्लात रूपांतर करण्याची श्वानाची क्षमता अल्प आहे. त्यापेक्षा कोकणच्या बाजारात स्वस्त मिळणारी तारली, उकडून व काटे काढून, अधिक हितावह. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे निरुपयोगी. मेदाम्लांनी कंड थांबत नाही, परंतु प्रेडनिसोलोनची मात्रा कमी करता येते. त्यास ८ ते १२ आठवडे लागतात.

यासाठी मालकाने साध्या वहीत रोजच्या कंडाची ० ते १० अशी नोंद ठेवावी. त्या वर्षी कंड भाद्रपदाच्या मध्यास वाढल्याचे दिसले, तर पुढील वर्षी स्नाने व पिसूनाशक श्रावणातच आणि मेदाम्ले आषाढातच सुरू करता येतील. पावसाळी मासेमारीबंदीमुळे त्या दिवसांत ताजी तारली दुर्मिळ असते. तेवढ्यापुरते मत्स्यतेल वापरावे.