यानालिफ : एका पिढीत तीन लिप्या
तातार भाषेत ‘यानालिफ’ म्हणजे नवी वर्णमाला. तातार, अझरबैजानी आदी तुर्की कुळातील भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहिल्या जात. मात्र, त्यांतील विविध स्वर दाखविण्यास ती अपुरी पडे. १९२६ मध्ये बाकू येथील तुर्कविद्या परिषदेने रोमन लिपीचा पुरस्कार केला आणि सोव्हिएत संघात नव्या वर्णमालेचा झपाट्याने प्रसार झाला. पुढे मॉस्कोचे धोरण पालटले. १९४० च्या सुमारास सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी लागू झाली. अवघ्या दीड दशकात लिपी दोनदा बदलल्याने आजोबांची पुस्तके नातवंडांना वाचता येईनाशी झाली.

अझरबैजानने १९९१ मध्ये रोमन लिपी पुन्हा स्वीकारली. तातारस्ताननेही १९९९ मध्ये तसा कायदा केला. परंतु रशियाने २००२ मध्ये सिरिलिक बंधनकारक केली आणि २००४ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली.