पतनोंदीविषयीं कांहीं भ्रामक समजुती

वाशी, नेरूळ, घणसोली, खारघर इत्यादि आपल्या वसाहतींत स्वतःचें घर म्हणजे बहुधा बँकेचें कर्ज हें ठरलेलेंच आहे. सिडकोच्या सोडतींत नांव निघालें कीं घरोघर पेढे वांटले जातात. परंतु पैशाच्या तजविजीसाठीं बँकेंत गेल्यावर “तुमचा सिबिल चांगला नाहीं” एवढ्या चार शब्दांनीं तो आनंद मावळतो. हा सिबिल म्हणजे काय, याविषयीं पालकांशीं बोलतांना इतक्या विलक्षण कल्पना आमच्या कानीं पडतात, कीं त्यांपैकीं कांहींचा परामर्श येथें घ्यावा असें आम्हांस वाटलें.

सिबिल हें सरकारी खातें असून तेथें कर्जबुडव्यांची काळी यादी असते, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती एक कंपनी आहे. ती २००० सालीं स्थापन झाली. २००५ च्या कायद्यान्वयें रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं आज अशा चार कंपन्या काम करितात; एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या इतर तीन होत. कर्ज केव्हां घेतलें, किती उरलें, कोणता हप्ता किती दिवस उशिरां आला, ही माहिती बँका त्यांस कळवितात. बाजारांतला व्यापारी गिऱ्हाइकाच्या उधारीची वही ठेवतो, तशीच ही वही. मात्र ती सर्व सावकारांस मिळून एक आहे. तिच्यावरून अंक काढतांना पगार, बँकेंतील शिल्लक, जात वा धर्म पाहिला जात नाहीं. म्हणूनच मोठ्या पगाराच्या साहेबापेक्षां वेळच्या वेळीं हप्ता भरणाऱ्या शिपायाचा अंक अधिक असूं शकतो. हा अंक ३०० पासून ९०० पर्यंत असतो. कर्ज द्यावें कीं नाहीं हें कंपनी ठरवीत नाहीं, बँक ठरविते. आणि अमुक अंक हवाच असा नियम रिझर्व्ह बँकेनें घातलेला नाहीं, असें अर्थमंत्रालयानें २०२५ सालीं संसदेंत सांगितलें.

“आम्हीं जन्मांत कोणाची पैदेखील उसनी घेतली नाहीं, तेव्हां आमचा सिबिल उत्तमच असणार,” असें सांगणारे वडीलधारे भेटतात. त्यांचा अभिमान रास्त, अनुमान मात्र चुकीचें. ज्यानें कर्जच घेतलें नाहीं त्याचें पान कोरें असतें. तें चांगलेंही नव्हे, वाईटही नव्हे. केवळ पान कोरें म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्यास परत पाठवूं नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांस सूचना आहे.

स्वतःचा अहवाल पाहिल्यानें अंक घटतो, ही समजूत फारच घातक. तिच्यामुळें लोक अहवाल पाहातच नाहींत. अल्पावधींत दहा बँकांकडे अर्ज केले तर त्यांच्या चौकशा नोंदल्या जाऊन अंक उतरतो, हें खरें. आपण स्वतः पाहिल्यानें तो तिळभरही हलत नाहीं. प्रत्येक कंपनीनें प्रत्येकास वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा २०१७ पासून नियम आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा, कारण नामसादृश्यामुळें परक्याचें कर्ज आपल्या नांवावर चढणें किंवा फेडलेलें कर्ज येणें दिसणें, अशा चुका होतात. चूक आढळल्यास कंपनीकडे अथवा बँकेकडे तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास मिळावी, असें २०२४ पासून ठरलें आहे. तक्रारीस एक पैसाही पडत नाहीं. “सिबिल दुरुस्त करून देतों” म्हणून हजारों रुपये मागणारे जे महाभाग आहेत, त्यांना खरी नोंद पुसण्याचा कसलाही अधिकार नाहीं.

थकलेल्या कर्जापैकीं कांहीं रक्कम भरून बँकेशीं तडजोड केली कीं खातें निर्मळ झालें, असेंही समजतात. तसें होत नाहीं. “सेटल्ड” असा शेरा पडतो व तो वर्षानुवर्षें राहतो.

सर्वांत अधिक हानि होते ती मात्र जामीनकीच्या सहीनें. आपल्याकडे नात्यांत व शेजारांत भीड मोठी. “नुसती सही तर करायची” म्हणून मेहुण्याच्या रिक्षाच्या कर्जास मनुष्य जामीन राहतो आणि विसरून जातो. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते. मेहुण्याचे हप्ते थकले कीं त्याची झळ जामिनाच्या अहवालासही लागते, आणि हें त्याला कळतें केव्हां, तर पुढें मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठीं तो स्वतः बँकेच्या दारीं जातो तेव्हां.

त्या शैक्षणिक कर्जाविषयींही एक गोष्ट मॅट्रिकच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावी. त्यांत आई किंवा वडील बहुधा सहकर्जदार असतात. हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात, व्याजाची आकारणी मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असते. पहिला हप्ता चुकला तर त्याची नोंद मुलाच्या अहवालांत होते, तशीच सही करणाऱ्या आईच्या वा वडिलांच्याही अहवालांत होते.