मोबाईलवर लघुपट करताना : ॲप कोणतं घ्यावं आणि त्याआधी काय करावं



केंद्राच्या शिक्षण परिषदेत आमच्या चौथीच्या मुलांनी केलेला चार मिनिटांचा लघुपट दाखवला. तो संपल्यावर चहाच्या वेळी जो भेटेल तो एकच विचारत होता, "मॅडम, एडिटिंगला ॲप कोणतं वापरलं?" शूटिंग कसं केलं, हे एकानेही विचारलं नाही. मला स्वतःलाही दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता. आठ दिवस नुसती ॲप उतरवून बघण्यात घालवले आणि शूटिंगला मात्र एक सकाळ दिली. त्याचा फटका कसा बसला ते आधी सांगते. ॲपची माहिती पुढे दिली आहेच.

आमचा विषय होता पाणी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे पडेगावकरांना मी सांगायला नको. टँकर आला की कोण धावतं, हंडे-ड्रम किती भरतात, शाळेला उशीर का होतो, हे मुलांनीच लिहिलं. मुख्य काम एका मुलीचं होतं. तिचे आईवडील बांधकामावर मजुरीला होते. तिला एकच मोठं वाक्य होतं आणि ते ती असं काही बोलली की आम्ही सगळे गप्प झालो. घरी येऊन बघते तर आवाजात फक्त टँकरचं इंजिन! मुलगी दोन मीटरवर, टँकर मागे सुरू, आणि मोबाईल माझ्या हातात लांब. ओठ हलताना दिसतात, शब्द एकही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा घेऊ म्हटलं. सुट्टी संपली तेव्हा तिच्या वडिलांची साईट बदललेली होती आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलेलं होतं.

जगातलं कोणतंही ॲप ते वाक्य परत आणू शकत नव्हतं. चित्र थोडं अंधारं असेल तर उजळता येतं, तिरकं असेल तर सरळ करता येतं. पण इंजिनच्या घरघरीत बुडालेला आवाज वेगळा काढायला गेलं की तो डब्यातून बोलल्यासारखा येतो. म्हणून माझा क्रम आता असा आहे : आधी आवाज, मग उजेड, मग चित्र आणि सगळ्यात शेवटी ॲप.

आपल्याकडची माणसं काय करत होती

कमी पैशात सिनेमा हे काही आज मोबाईलमुळे सुरू झालेलं नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणला तेव्हा त्यांच्याजवळ 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे नव्हते. पैसे देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याभराहून जास्त काळ थोडी थोडी चित्रं घेऊन रोप वाढताना दाखवलं. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, कारण बीजाचं अंकुरण आपणही शिकवतो आणि आज मोबाईलच्या 'टाइम लॅप्स'मध्ये तेच करता येतं. सरस्वतीबाई फाळके रात्री कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रं पाडत आणि शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादर कशाला? चेहऱ्यावर उजेड परत फेकायला. ही युक्ती आज एका थर्माकोलच्या शीटवर जमते.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, मालेगावचं. नासिर शेख यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. २००० च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. तो दोन व्हीसीआर जोडून एडिट केलेला होता. एका व्हीसीआरवर टेप लावायची, हवा तो तुकडा आला की दुसऱ्यावर रेकॉर्डिंग सुरू करायचं. मध्येच एक शॉट घालायचा राहिला तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा. शिवाय कॉपीची कॉपी होत गेली की चित्र धुरकट होत जातं. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात सायकलवर बसून कॅमेरा चालवणं आणि बैलगाडीची क्रेन करणं दिसतं. यंत्रमागाच्या गावातली माणसं हे करत होती. आपल्या खिशातला फोन त्यांच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यापेक्षा चित्राच्या बाबतीत नक्कीच पुढे आहे. मी हा माहितीपट मुलांना तुकड्या-तुकड्याने दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी एक जण घरून पाण्याच्या ड्रमची ढकलगाडी घेऊन आला!

आता शूटिंग

आवाजासाठी कॉलरला लावायचा वायरचा माईक मी हजाराच्या आत घेतला. तोही नको असेल तर दुसरा जुना मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा. दोन्ही फोन सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक जोराची टाळी वाजवायची. एडिटिंगच्या वेळी टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकमेकांवर बसवले की पुढचं सगळं आपोआप जुळतं. सिनेमावाल्यांची पाटी याच कामाची असते. कोणतीही साधनं नसतील तर निदान फोन बोलणाऱ्याच्या जवळ न्या, एका हातावर. आणि प्रत्येक शॉट झाल्यावर तिथल्या तिथे हेडफोन लावून ऐका. मी त्या दिवशी एवढं एकच केलं असतं तरी टँकर जाईपर्यंत थांबले असते.

प्रत्येक जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घेऊन ठेवा. दोन वाक्यांमधला तुकडा कापला की तिथे एकदम सन्नाटा येतो आणि तो कानाला खटकतो. हा अर्धा मिनिट तिथे खाली पसरवायचा.

उजेडाबाबत सगळ्यात मोठी चूक वर्गात होते. मुलाला खिडकीसमोर, पाठ खिडकीकडे करून उभं करतात आणि चेहरा काळा येतो. उलट करा, खिडकी तुमच्या पाठीशी आणि तोंड उजेडाकडे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही 'लॉक' होतात. नाहीतर पांढरा शर्ट घातलेला कुणी मागून गेला की चित्र मध्येच काळवंडतं. वर्गातल्या ट्यूबलाइटमुळे चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर सरळ अंगणात शूटिंग करा. सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं.

फोन आडवा धरायचा, विमान मोडवर टाकायचा (आमच्या एका सुंदर शॉटमध्ये गॅस एजन्सीचा फोन आलेला आहे), लेन्स रुमालाने पुसायची. बोटांनी झूम करायचा नाही, पायांनी पुढे जायचं. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मनात पाच आकडे मोजून मग मुलाला "बोल" म्हणायचं आणि वाक्य संपल्यावरही पाच आकडे थांबायचं. कापायला जागा लागते. प्रत्येक प्रसंग तीन वेळा घ्या : एकदा लांबून, एकदा कमरेपर्यंत, एकदा फक्त चेहरा किंवा हात. हंडा धरलेले हात, गळणारी तोटी, रांगेतल्या चपला असे बारीक शॉट कंटाळा न करता घ्या. ते कसे कामाला आले ते पुढे सांगते.

जागेचा हिशोब आधी करा. १०८० रिझोल्यूशनवर मिनिटाला साधारण १३० एमबी जातात, 'फोर-के'ला त्याच्या अडीच-तीन पट. आमच्या चार मिनिटांसाठी आम्ही सुमारे ५० मिनिटं शूट केलं, म्हणजे साडेसहा जीबी. शाळेच्या कामाला १०८० पुरेसं आहे. फोर-केच्या नादात फोन गरम होतो आणि एडिटिंगला अडकतो.

मग ॲप

आपल्याकडे कोणतं यंत्र आहे यावर हे ठरतं. फोनवरच करायचं असेल तर व्हीएन किंवा यूट्यूब क्रिएट बघा, दोन्ही फुकट आहेत आणि चित्रावर आपला शिक्का मारत नाहीत. काइनमास्टर चांगलं आहे पण फुकटात त्याचा वॉटरमार्क कोपऱ्यात येतो. इनशॉट छोट्या कामाला ठीक. संगणकावर विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प त्यातच मिळतं. जुना, चार जीबी रॅमचा शाळेचा संगणक असेल तर शॉटकट किंवा ओपनशॉट लावून बघा. ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पैसेही नाहीत आणि मुदतही नाही. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फार ताकदीची आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड लागतं. आमच्या संगणकावर ती उघडतानाच चहा पिऊन होतो.

निवड करताना मी एक परीक्षा घेते, ती बहुतेक माहितीच्या व्हिडिओंत सांगत नाहीत. ॲपमध्ये टायटल म्हणून 'विद्यार्थी, शक्ती, कृष्ण, कऱ्हाड' असं टाइप करायचं. काही ॲपमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं आणि 'ऱ्ह'ची तर वाट लागते. आपण मुलांना शुद्धलेखन शिकवतो आणि आपल्याच व्हिडिओवर फुटलेली अक्षरं, हे बरं दिसत नाही. मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट ॲपमध्ये घालता येत असेल तर घाला. नाहीच जमलं तर पॉवरपॉइंटमध्ये टायटल तयार करून त्याचं चित्र जोडा.

दुसरी गोष्ट, एका ॲपवर जीव टाकू नका. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवा व्हिडिओही होतं. आपल्यापैकी अनेकांनी ज्यावर हात बसवला तो विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. म्हणून मूळ क्लिप पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवा. शॉटकटसारख्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, फक्त तो कुठे ठेवलाय याचा पत्ता असतो. फोल्डर हलवला की सगळं रिकामं दिसतं आणि माणूस घाबरतो.

तिसरी अडचण संगणकावरच येते. फोन उजेडाप्रमाणे सेकंदाला कधी ३०, कधी २४ चित्रं घेतो. संगणकावर अशी क्लिप लांब असेल तर हळूहळू आवाज पुढे आणि ओठ मागे राहतात. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप एकदा काढून घेतली की हे थांबतं. संगीतासाठी सिनेमाची गाणी टाळा, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत मिळतं. आणि मुलांचे चेहरे शाळेबाहेर दाखवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आता त्या मुलीचं. तिचा आवाज नव्हता, पण तिचे हात, हंडा, मान वळवून टँकरकडे बघणं असे सात-आठ बारीक शॉट होते. ते मी नव्हे, वर्गातल्या एका पोराने हौसेने घेतलेले होते. मुलांनीच सुचवलं की तिच्या मैत्रिणीने तिची गोष्ट सांगायची आणि चित्र तिचं दाखवायचं. ओठ हलतात तो तुकडा काढून टाकला. मैत्रिणीचा आवाज वर्गाची दारं बंद करून, तोंडासमोर गोधडी धरून घेतला. मूळ वाक्याची सर त्याला नाही, हे मला माहीत आहे. बघणाऱ्यांना कळत नाही, मला दर वेळी कळतं.

परवा तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, पोरीचा शिनेमा झाला म्हणं, पाठवा ना." मी व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर दाबून दाबून अगदी पुसट गेला. मग 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तसा पाठवला की व्हिडिओ आहे तसाच जातो आणि दोन जीबीपर्यंतची फाइल चालते. आमची १७५ एमबीची होती. त्यांचा नेटपॅक संपलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली.